भिंगारदिवे बाईंचा फोनातला आवाज

भिंगारदिवे बाईंचा आवाज आधी यायचा आणि बाई मागाहून. सकाळची एसटी फाट्यावर थांबली, की शाळेच्या आवारात चिंचेखाली धुडगूस घालणारी पोरं आपोआप रांगेत उभी राहायची, कारण तिकडे फाट्यावर बाई कंडक्टरला काहीतरी सुनावत असायच्या. काय ते इथवर कळायचं नाही, पण सुनावताहेत एवढं नक्की कळायचं.

पारनेर तालुक्यातल्या त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी नवीन लागले तेव्हा माझी चौथी आणि बाईंची तिसरी यांच्यामध्ये नुसतं पत्र्याचं पार्टिशन होतं. त्या वर्षी माझ्या पोरांनी तिसरी पुन्हा एकदा केली असंच म्हणायला हवं. मी फळ्यावर भागाकार मांडायची आणि पोरं माना डोलावत पलीकडची कविता म्हणायची. शेवटी धीर करून मी म्हटलं, "बाई, जरा हळू शिकवता का?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सुनंदा, हळू बोललेलं पोरांना खरं वाटत नाही," त्या म्हणाल्या आणि वर्गावर निघून गेल्या. नंतर दहा-पंधरा मिनिटं पलीकडून खरोखर हळू आवाज आला. मग कुणीतरी पाढा चुकला आणि पुन्हा पत्रा थरथरला.

बाई मूळच्या जामखेडकडच्या. ठेंगण्या, सावळ्या, खळ केलेलं सुती पातळ, गळ्यात काळ्या दोऱ्यात बारीकसा क्रूस. वर्गात त्यांची भाषा पुस्तकातली असे. पोरगं 'न्हाई' म्हणालं की 'नाही' म्हणेपर्यंत त्याला खाली बसू देत नसत. आणि शाळा सुटून घराच्या पायरीवर पाय पडला, की त्यांच्याच तोंडून पहिला शब्द 'न्हाई' निघे, कारण घरात भाऊ असत आणि भाऊंनी काहीतरी केलेलं असे.

भाऊ म्हणजे त्यांचे यजमान दावीद, बाईंना 'रत्ने' अशी हाक मारणारे एकटेच. सगळा गाव त्यांना भाऊच म्हणे. ते एसटीत ड्रायव्हर होते. कधी त्यांची ड्यूटी आमच्या मार्गावर लागली, की बाई बरोबर ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायच्या. "अवो, म्हस आली, म्हस." "अवो, ब्रेक मारा की." एकदा भाऊंनी भाळवणीच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली, उठून उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "या, बसा. तुमीच चालवा, मी पोरं शिकवाया जातो." बाई म्हणाल्या, "लायसन असतं तर कवाच चालवली असती. आन पोरांनी तुमास्नी एका दिसात पळवून लावलं असतं." अख्खी एसटी हसली. दोन म्हातारे बाईंच्या बाजूने बोलले, एक भाऊंच्या बाजूने, आणि गाडी पारनेरला उशिराच पोचली.

भाऊंना शुगर होती. ती त्यांनी मनावर घेतली नाही आणि तिने त्यांचे डोळे घेतले. रिटायर होऊन थोडे दिवस होतात न होतात तोच आधी रस्त्यावरच्या पाट्या गेल्या, मग माणसांची तोंडं गेली, शेवटी उजेडही गेला. उभ्या जन्मात समोर बघण्याचीच नोकरी केलेला माणूस, तो अंगणातल्या बाजेवर हातांनी दोरी चाचपत बसू लागला. मला वाटलं, आता हे घर बसलं.

पण बाईंनी ते बसू दिलं नाही. रविवारी चर्चला जाताना त्या भाऊंचा हात धरून निघायच्या आणि घरापासून चर्चपर्यंत सगळा रस्ता त्यांना मोठ्याने सांगत जायच्या. "डाव्या अंगाला औट्यांची नवी गाडी. रंग वांग्यावानी. काय बघून घेतला त्यांचं त्यांनाच ठाव." "फुडं गिरमेमामा. मिशी काळी केलीया. आता हसू नका, हिकडंच बघत्यात." गिरमेमामांना ते अर्थातच ऐकू जायचं. भाऊंनी ती गाडी कधी पाहिली नव्हती, पण तिचा रंग वाईट आहे यावर ते कुणाशीही भांडले असते. त्यांना गाव दिसायचं ते बाईंच्या आवाजातून, बाईंच्या मतांसकट. मला विचाराल तर डोळे असताना त्यांनी एवढं बारकाईने कधी पाहिलं नसेल.

आणि मग बाईंचा आवाज बसला.

खडूने बसला म्हणाल्या. मग थंडीने बसला म्हणाल्या. हळदीचं दूध झालं, ज्येष्ठमध झालं. ज्या बाईने तंबाखूची पुडी खाणाऱ्या पालकाला शाळेच्या फाटकातून परत लावलं, तिला घशाचा कॅन्सर निघाला. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल. बाईंनी दबक्या खरखरीत आवाजात एकच विचारलं, "मग यांच्याशी बोलायचं कुणी?" डॉक्टरांना 'यांच्याशी' म्हणजे कोण ते कळलं नाही. मला कळलं आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

तेव्हा प्रवीण आला. तो बाईंचा जुना विद्यार्थी, आता पुण्यात कॉम्प्युटरवाला. भेटायला म्हणून आला आणि म्हणाला, "बाई, ऑपरेशनच्या आधी आवाज साठवून ठेवू. तुम्ही फोनवर लिहायचं, फोन तुमच्या आवाजात बोलेल." दिवाळीची सुट्टी होती. शाळेच्या खोलीच्या खिडक्यांना गोधड्या लावून दोघं बसले. बाई वाचत होत्या, खोकत होत्या, पाणी पीत होत्या, पुन्हा वाचत होत्या. पहिल्या दिवशीचं रेकॉर्डिंग ऐकून त्यांनीच नापास केलं. "हा शाळेतला आवाज झाला रे. घरातला कुठंय? मला 'नाही' नको, 'न्हाई' पाहिजे. फोन शुद्ध बोलला तर भाऊंना वाटंल, इन्स्पेक्शनला कोणी आलंय." मग सगळं दुसऱ्यांदा झालं, घरच्या भाषेत. शेवटी त्यांनी प्रवीणला बाहेर काढलं, दार लावलं आणि कुठलं बटण दाबायचं ते विचारून घेऊन एकट्या काहीतरी बोलल्या. बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते, आणि खोटं कशाला सांगू, माझेही तसेच होते.

आवाज फोनात बसला. त्यानंतर बाईंनी एक हट्ट धरला, प्रवीणच्या कॉम्प्युटरवर त्याची नक्कल ठेवायची नाही. "लोकांचे आवाज चोरून फसवतात म्हणे. उद्या माझ्या आवाजात कुणी अमोलकडं पैसे मागितले तर?" अमोल म्हणजे त्यांचा मुलगा, नगरला बँकेत आहे. प्रवीण म्हणाला, "बाई, माझ्याकडे सुरक्षित राहील." "तू सुरक्षित आहेस रे. पण कॉम्प्युटरला किती जणांनी हात लावला ते तुला तरी कळतं का?" त्याने त्यांच्यासमोर सगळं पुसलं. बाईंनी कॉम्प्युटरची कचरापेटीसुद्धा उघडून दाखवायला लावली आणि तीही रिकामी करवली. शुद्धलेखन तपासावं तसं तपासलं सगळं.

ऑपरेशन झालं. गळ्याला भोक राहिलं, त्यावर पांढरा रुमाल आला. दवाखान्याने गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दिलं होतं. त्याचा भुंग्यासारखा आवाज ऐकून भाऊ म्हणाले, "घरात गिरन आनली का काय?" बाईंनी ते कपाटात ठेवून दिलं. फोन हातात धरायची ताकद यायला बरेच दिवस गेले. तोवर ते घर इतकं गप्प झालं, की मी जाताना उगाच चपला आपटत जायची.

मग एका सकाळी बाईंनी फोन घेतला, बराच वेळ बोटाने काहीतरी खुडबुड केली आणि फोन भाऊंच्या दिशेने धरला. फोन म्हणाला, "अवो, बनियन उलटं घातलंय."

हुबेहूब. तोच वरचा सूर, तीच धार. भाऊ बाजेवर ताठ झाले. दोन्ही हात पुढे करून हवेत चाचपडले. मग म्हणाले, "आसंल उलटं. माझ्या बापाचं बनियन हाय." आणि ढसाढसा रडले. रडतारडता ते भांडत होते आणि बाई भराभर अक्षरं दाबत होत्या.

त्यानंतर ते दोघं पुन्हा चर्चला जाताना दिसू लागले. बाईंच्या डाव्या हातात भाऊंचा हात, उजव्या हातात फोन. चालताचालता लिहायला वेळ लागे, त्यामुळे भाऊंना गाव जरा उशिरा दिसे. गिरमेमामा वळणापलीकडे गेल्यावर फोन सांगे, "फुडं गिरमेमामा." भाऊ म्हणत, "कुठं?" फोन म्हणे, "गेलं." लग्नसराईत तर बाईंना सवडच नसे. जुन्या विद्यार्थ्यांच्या पत्रिका येत, त्यांना जाणं जमत नसे, म्हणून पत्रिका उघडून नवरा-नवरीची नावं बघायची आणि लग्नाच्या सकाळी फोन करून आशीर्वाद द्यायचा. त्यासाठी भाऊंचा बटणांचा फोन लावून तो आपल्या फोनाच्या तोंडाशी धरायचा. "गणेशला सांगा, संसारात वजाबाकी कमी कर." पलीकडे मांडवात स्पीकर लावून ते सगळ्यांना ऐकवत. आपल्याकडे पत्रिका आली आणि उघडलीच नाही, म्हणजे मान ठेवला नाही. बाईंनी तो कधी मोडला नाही.

एवढं सगळं सुरळीत होतं, फक्त फोनाला ते मान्य नव्हतं.

प्रवीणचं अॅप फोन कंपनीच्या अॅपच्या दुकानात नव्हतं. त्याने ते तिथे ठेवायचा प्रयत्न केला होता. कंपनीकडून उलट उत्तर आलं, की हे अॅप दुसऱ्या अॅपमधलं वाचतं, हे धोक्याचं आहे, नियमात बसत नाही. आता बाईंना व्हॉट्सअॅपवर आलेला निरोप भाऊंना वाचून दाखवायचा, तर दुसऱ्या अॅपमधलं वाचायलाच लागणार. प्रवीणने पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर, त्याच शब्दांत. माणूस होतं की यंत्र, देव जाणे. मग दर चार दिवसांनी फोन बाईंच्या आवाजाला चोर ठरवून बंद करी. शेवटी प्रवीणने फोनाची राखणदारीच बंद करायला शिकवली. तरीही रोज सकाळी लाल पट्टी येई, 'हे अॅप तुमच्यासाठी हानिकारक असू शकतं', आणि खाली बारक्या अक्षरांत 'तरीही चालू ठेवा'. बाई ते दाबून मोकळ्या होत. एकदा मला म्हणाल्या, म्हणजे त्यांचा फोन म्हणाला, "सुनंदा, जन्मभर पोरांना शिकवलं, अनोळखी माणसाला दार उघडू नका. आता रोज सकाळी उठून मीच कडी काढती."

भाऊंचं मत सरळ होतं. "पैसं मोजून म्हस आनली. तिला पेंड कंची घालायची ते इकनारा का सांगंल?" अमोल त्यावर म्हणे, "भाऊ, म्हैस चोराला घरात घेत नाही. फोन घेतो." अमोलला बँकेत रोज फोनवरून फसलेली, रडत आलेली माणसं दिसत. तो वाईट मुलगा नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याला शिव्या घालाल.

उन्हाळ्यात एक पत्रिका आली. बाईंच्या ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींच्या नंबरावरून, वर गणपती, 'आमच्या येथे श्रीकृपेकरून'. बाईंनी ती उघडली. लाल पट्टी आली, 'हानिकारक असू शकतं'. ती तर रोजच यायची. त्यांच्या स्वतःच्या आवाजालाही यायची. चोरासाठी आणि बाईंसाठी फोनाकडे एकच वाक्य होतं, तर बाईंनी त्यातून काय ओळखावं? त्यांनी 'तरीही' दाबलं. आत पत्रिका नव्हतीच, चोराचं अॅप होतं.

दुपारपर्यंत तीच पत्रिका बाईंच्या नंबरावरून सगळ्यांना गेली. मलाही आली. माझी शिकवणी चालू होती म्हणून मी वाचले, एरवी मीही उघडली असती. बाईंनी पाठवलंय म्हटल्यावर त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी डोळे मिटून उघडली. काहींच्या खात्यातले पैसे गेले. एकाची आई दारात येऊन बसली, बोलली काही नाही, नुसती बसून राहिली. ते बाईंना शिव्यांपेक्षा जास्त लागलं. त्या तिच्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या. फोन बंद करून ठेवा असं सगळ्यांनी सांगितल्यामुळे त्यांना 'माफ कर'सुद्धा म्हणता आलं नाही.

रविवारी अमोल आला. मीही गेले होते, बाईंना धीर द्यायला. पडवीत भाऊ बाजेवर, मी पायरीवर, अमोल खुर्चीत फोन घेऊन बसलेला. बाई परसात कपडे वाळत घालत होत्या. अमोल कपाळाला आठ्या घालून काहीतरी दाबत होता. मी भाऊंशी इकडचं तिकडचं बोलत होते.

बाई ओल्या हातांनी दारात आल्या आणि त्यांनी अमोलच्या हातात फोन पाहिला. त्यांनी तोंड उघडलं. त्या ओरडल्या. मी तो ओरडा पाहिला, ऐकू काहीच आलं नाही, रुमालातून फक्त वारा फुसकन आला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. दाराच्या चौकटीवर बादली आपटली. अमोलने मान वर न करताच हात केला, "आई, एकच मिनिट. होतच आलंय."

आणि झालं. फोन काळा झाला आणि पुन्हा उजळला, नवाकोरा. पडद्यावर 'नमस्कार' आलं, आणि खाली, 'भाषा निवडा'.

बाईंनी त्याच्या हातातून फोन घेतला. बोटाने इकडे सरकवलं, तिकडे सरकवलं. कोऱ्या पडद्यावर जे नव्हतं ते शोधत राहिल्या. अमोल सांगत होता, "आई, फॉरमॅट केला. पोलिसांनीही तेच सांगितलं, सगळं पुसा म्हणजे व्हायरस जातो. ते अॅप प्रवीण परत टाकून देईल ना." बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली, नाही. त्याला अजून कळलं नव्हतं. कचरापेटी रिकामी केल्याचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. तो जागच्या जागी पांढरा पडला.

"काय झालं?" भाऊ म्हणाले. "रत्ने, काय झालं? काय पडलं? आगं बोल की."

त्यानंतर बाईंनी धावाधाव सुरू केली. मी त्यांच्याबरोबर नगरला गेले. मोबाईलची दुकानं म्हणू नका, दुरुस्तीच्या टपऱ्या म्हणू नका, एकही सोडली नाही. बाईंनी पिशवीत शाळेतली पाटी घेतली होती, तिच्यावर लिहून दाखवायच्या, 'फॉरमॅट झालेलं परत येतं का?' कुणी हसून नाही म्हणे, कुणी दोन दिवस ठेवून घेऊन नाही म्हणे. कुणीतरी सांगितलं, पुण्यात होतं. पुण्याला गेलो. गारगार दुकानात एक शहाणा मुलगा होता. त्याने नीट समजावलं, की फोनातलं सगळं कुलपात असतं, आणि फॉरमॅट करताना कंपनी किल्लीच मोडून टाकते. "चोराला पण मिळत नाही, मॅडम. म्हणून तर हा फोन सुरक्षित." बाईंनी पाटी पुसली, लिहिलं, 'मी चोर नाही', आणि पाटी काउंटरवर ठेवून स्वतःच्या पोराएवढ्या त्या मुलासमोर हात जोडले. त्याने मान खाली घातली. "मला माहितेय, मॅडम. पण फोनला माहीत नाही ना." तिथून स्टँडपर्यंत त्या माझा हात धरून चालल्या. माझं मनगट दुखलं इतका घट्ट.

प्रवीण आला त्या दिवशी त्याची आणि अमोलची जुंपली. प्रवीण म्हणाला, "कंपनीने हे अॅप घेतलं असतं तर राखणदारी बंद करायलाच लागली नसती. फोन बाईंचा आहे. त्यात काय घालायचं ते बाई ठरवतील." अमोल म्हणाला, "आणि पत्रिका कुठल्या दारातून आली? तूच उघडून दिलेल्या. तुझ्यासारखे चांगले चार असतील, पण त्याच वाटेने चोर चारशे येतात. कंपनीने उद्या ते दार पक्कं लिंपून टाकलं तर मी टाळ्या वाजवीन." "मग ज्यांचा आवाज त्या दारात राहतो त्यांनी काय करायचं?" "मला काय विचारतोस? मी काय तिचा वैरी आहे?" अमोलचा आवाज फुटला. दोघंही खरं बोलत होते आणि मला दोघांचाही राग येत होता. कंपनीला चोर माहीत होता, बाई माहीत नव्हत्या. तिने चोराकडे बघून नियम केला, आणि तो येऊन पडला बाईंवर.

बाई दोघांच्या मध्ये बसल्या होत्या. त्यांनी पाटीवर लिहिलं आणि दोघांना दाखवलं. 'तुमचं दोघांचंही बरोबर असेल. मला विचारलं कोणी?'

भाऊ म्हणाले, "काय लिव्हलं तिनं? वाचा की कुनीतरी." प्रवीणने वाचून दाखवलं. प्रवीणच्या आवाजात ते अगदीच साधं वाक्य वाटलं.

प्रवीणने हरतऱ्हेने प्रयत्न केले. शाळेच्या स्नेहसंमेलनांचे व्हिडिओ गोळा केले, त्यातून बाईंची भाषणं काढली. कर्ण्याचा घुमारा, मागे पोरांचा कालवा. त्यातून त्याने जे काही उभं केलं ते लॅपटॉपवर भाऊंना ऐकवलं. भाऊंनी पूर्ण ऐकलं आणि हळूच म्हणाले, "ही मानसं गोळा झाल्यावरची रत्ना हाय. घरातली न्हाई ही." प्रवीणने लॅपटॉप मिटला. मग अमोलने नवा फोन आणला, भारीतला, सगळ्या कड्या लावलेला, आणि त्यात कंपनीच्याच दुकानातलं बोलणारं अॅप टाकलं. स्वच्छ, गोड, शुद्ध मराठी. बाईंनी त्यावर भाऊंना जेवायला बोलावलं. भाऊ बाजेवरच बसून राहिले. "कोन पाव्हनी आलीया?" त्यांनी विचारलं. त्यांना कळलं नव्हतं असं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "ती बातम्या देनारी बाई बंद कर, रत्ने. मला तिची लाज वाटती." बाईंनी बंद केलं. अमोलला वाईट वाटू नये म्हणून फोन रोज चार्ज मात्र करत.

मग माझी बदली अकोले तालुक्यात झाली. डोंगर, भाताची खाचरं, जीपने जाणं-येणं. तिकडून निघणं होईना. फोन करावा तर बोलणार कोण? भाऊंशी बोलायचे. ते म्हणायचे, "हाय, बरी हाय. बरीच असंल." दर वेळी ते 'असंल' माझ्या मनाला टोचायचं.

यंदा मार्चमध्ये, एका भर दुपारी, मी अवचित त्यांच्या घरी गेले. दार उघडंच होतं. मी पायरीवर चपला काढता काढता थांबले.

बाई बाजेवर भाऊंच्या समोर बसल्या होत्या. भाऊंचा हात त्यांनी स्वतःच्या तोंडावर धरला होता, बोटं ओठांवर. त्या बोलत होत्या. ओठ नीट उघडून, एकेक अक्षर सुटं करून, पहिलीच्या पोराला शिकवावं तसं. भाऊ कपाळाला आठ्या घालून बोटांनी ऐकत होते.

"पानी?"

बाईंनी मान हलवली. भाऊंच्या बोटांना ती मान कळली.

"पावनं? पावनं येनार हायेत?"

पुन्हा मान. पुन्हा तेच, आणखी सावकाश. भाऊंनी बोटं ओठांवरून पुन्हा फिरवली. "थांब, थांब. परत म्हन. पा... न्हाई, बा... रत्ने, न्हाई गं कळत. परत म्हन." बाईंनी परत म्हटलं. किती वेळ चाललं होतं कुणास ठाऊक. भाऊंच्या कपाळावर घाम होता.

मला पाहवेना. मी म्हटलं, "भाऊ, मी सुनंदा."

भाऊंचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी हात काढून घेतला आणि सगळं अंग माझ्या आवाजाकडे वळवलं. "सुनंदा! आगं, बरं झालं आलीस. ये, ये, बस. मगाधरनं ही मला कायतरी सांगतीया, आन माझ्या टकुऱ्यात शिरंना. तू बघ बरं, तुला डोळं हायेत. काय म्हनतीया?"

बाईंचा हात तसाच हवेत राहिला होता, भाऊंचा हात धरल्यासारखा. त्यांनी तो मांडीवर घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे तोंड करून त्यांनी ते म्हटलं.

मला कळलं नाही.

मी पुढे होऊन गुडघ्यांवर बसले. त्यांनी पुन्हा म्हटलं. लांबलचक होतं काहीतरी, भाऊंचं नाव त्यात असावं असं वाटलं, शेवटी ओठ मिटले. मी म्हटलं, "बाई, पाटी कुठंय? पाटीवर लिहा." त्यांनी हाताने नको म्हटलं. भाऊंना सांगायचं होतं ते, पाटीला नाही. तिसऱ्यांदा म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि मग मिटलं. माझ्या खांद्यावर एकदा थोपटलं, पदराने तोंड पुसलं आणि उठून आत गेल्या. आतून स्टोव्ह पेटवल्याचा आवाज आला.

"काय म्हनाली?" भाऊ माझ्याकडे मान वाकडी करून वाट पाहत होते. "आं? कळलं का तुला?"

"हो," मी म्हटलं. "चहा टाकते म्हणाल्या."